ट्रकमधला नवा रेडिओ आणि न पोहोचणारा आवाज: दोष कुठे शोधायचा?

ट्रकमध्ये नवा टू-वे रेडिओ बसवला. डिस्प्ले उजळतो, स्पीकरमधून खरखर येते, मधूनच कुणाचं तरी बोलणंही ऐकू येतं. पण आपण बोललो की समोरून उत्तर नाही. शेजारी उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत आवाज जातो, पुढच्या वळणापलीकडे जात नाही. मालक वैतागून सेट काढतो आणि दुकानात नेतो. दुकानदार टेबलावर जोडून दाखवतो, तर सेट ठणठणीत. परत ट्रकमध्ये बसवला की रडगाणं तेच.

यात दुकानदार फसवत नसतो. टेबलावर सेटला स्थिर वीज आणि तपासलेला अँटेना मिळतो. ट्रकमध्ये त्याला इंजिनाबरोबर वरखाली होणारी वीज मिळते, कुणीतरी घाईत जोडलेली केबल मिळते आणि आरशाच्या दांड्यावर कसाबसा आवळलेला अँटेना मिळतो. सेट कारखान्यात तपासून निघालेला असतो. बाकी सगळं जागेवर, हाताने, बहुतेकदा अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून केलेलं असतं. म्हणून नव्या जोडणीत सेटवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

उदाहरणासाठी अमेरिकेतल्या मालवाहू ट्रकांमधला सीबी रेडिओ घेऊ, कारण हा प्रकार तिथेच सर्वाधिक रुळलेला आहे. हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्यांच्या, गाडीतल्या सेटलाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. भारतातले नियम वेगळे आहेत, ते पुढे येतील.

फोन असताना हा रेडिओ कशाला?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड: सामान्य नागरिकांना परीक्षा न देता वापरता येणारा, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ पट्टा. अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने १९५८ मध्ये तो २३ चॅनलांसह सुरू केला आणि १९७७ पासून चॅनल ४० झाले. १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल कुठे मिळतंय आणि नव्या वेगमर्यादेवर पोलीस कुठे टपून बसलेत, हे एकमेकांना सांगायला ट्रकचालकांनी हा रेडिओ उचलून धरला. १९८३ मध्ये परवान्याची अटही गेली.

फोन करायला आधी नंबर ठाऊक असावा लागतो. घाटात पुढे दोन किलोमीटरवर ट्रेलर आडवा झालाय, हे सांगणाऱ्या अनोळखी माणसाचा नंबर तुमच्याकडे कुठून असणार? ट्रकचालकांच्या नेहमीच्या चॅनल १९ वर तो बोलला की आसपासच्या सगळ्यांना एकदम कळतं. शिवाय व्यावसायिक चालकांनी हातात मोबाइल धरून बोलण्यावर अमेरिकेत २०१२ पासून बंदी आहे, त्या बंदीत सीबी येत नाही.

आधी फुकटातल्या चुका

पान्याला हात लावण्याआधी सेटवरची बटणं पाहा. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

स्क्वेल्च नावाचं एक बटण असतं. कुणी बोलत नसताना येणारी खरखर दाबायचं काम ते करतं. ते जास्त फिरवलं तर खरखरीबरोबर लांबचे आवाजही दबतात. ‘आरएफ गेन’ कमी ठेवलं असेल तर सेटचे कान अर्धे बंद. ‘पीए’ असं लिहिलेला खटका दाबलेला असेल, तर आवाज हवेत जाण्याऐवजी बाहेरच्या भोंग्याकडे जातो, आणि भोंगा नसेल तर कुठेच जात नाही. बऱ्याच सीबी सेटमध्ये मायक्रोफोनचा प्लग नीट बसलेला नसेल तर ऐकूसुद्धा येत नाही, कारण स्पीकरची जोडणी त्याच प्लगमधून फिरते. दुसऱ्या कंपनीचा माइक लावला असेल तर चार पिनांचा प्लग दिसायला तसाच असतो, आतल्या तारांचा क्रम मात्र वेगळा निघू शकतो.

आणि एक पथ्य. अँटेना जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचं नाही. सेटमधून निघालेल्या ऊर्जेला बाहेर जायला वाट नसली की ती परत फिरते आणि शेवटच्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर तापून उडू शकतो. चांगला सेट खराब करायची ही सर्वांत सोपी पद्धत.

वीज: दिवा लागला म्हणजे पुरली असं नाही

डिस्प्लेला वीज लागते नावापुरती. ऐकायलाही फार लागत नाही. खरी गरज लागते बोलायचं बटण दाबल्यावर. सीबी सेट तेव्हा साधारण दोन अँपिअर ओढतो. हॅमवाल्यांचा ५० वॅटचा सेट दहा-बारा अँपिअर. बारीक, लांब, सैल जोडलेल्या वायरीत तेव्हाच व्होल्टेज पडतं. हिशेब करून पाहा. येण्या-जाण्याच्या वायरीत मिळून ०.२ ओहम इतकाच अडथळा असेल आणि दहा अँपिअर वाहत असतील, तर दोन व्होल्ट वाटेतच गेले. १२.६ व्होल्टच्या बॅटरीतून सेटपर्यंत १०.६ पोहोचले. सेट १३.८ व्होल्टसाठी बनवलेला. तो एक तर क्षीण बोलतो किंवा बटण दाबताच बंद पडून पुन्हा चालू होतो.

म्हणून मल्टिमीटर सेटच्या मागच्या प्लगपाशीच लावा आणि कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा. गप्प असताना १३.५ आणि बोलताना १३ दिसले तर चिंता नाही. बोलताना १२ च्या बरंच खाली घसरत असेल तर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतलेली वीज बंद करा आणि जाड वायर थेट बॅटरीपासून आणा. फ्यूज बॅटरीजवळच हवा, सेटजवळ नव्हे. वाटेत वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर सेटजवळच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही आणि वायर पेटेल.

काळ्या वायरीकडे, म्हणजे बॉडी अर्थकडे, लोक कमी लक्ष देतात. रंगवलेल्या पत्र्यात स्क्रू मारून अर्थ घेतला की पहिल्या दिवशी चालतो आणि पावसाळ्यानंतर गंजतो. रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून, वरून ग्रीस लावून आवळलेला अर्थ वर्षानुवर्षं टिकतो.

अँटेना म्हणजे फक्त ती काठी नव्हे

इथे आपण मुद्द्यावर येतो. आरशाशेजारी उभी असलेली काठी हा अख्खा अँटेना आहे असं बहुतेकांना वाटतं. ती अर्धीच असते. एका हाताने टाळी वाजत नाही, तसं एकट्या काठीने रेडिओ लहर निघत नाही. काठी हा एक हात, दुसरा हात ट्रकचं धातूचं अंग. काठीत विद्युतप्रवाह वरखाली होतो तेव्हा तितकाच प्रवाह खालच्या पत्र्यातून उलटसुलट फिरावा लागतो. तो दुसरा हात मिळाला नाही की ऊर्जा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून, वायरीतून, कधी माइकच्या वायरीतून वाट काढते. बोलताना माइक ओठाला लागून चटका बसत असेल किंवा आवाज फाटत असेल, तर बहुधा हेच घडतंय.

लांबीचंही थोडं पाहू. चॅनल १९ ची वारंवारता २७.१८५ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगाची लांबी सुमारे ११ मीटर. सरळ काठी निदान त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी, पावणेतीन मीटर, असावी लागते. ट्रकची उंची आधीच चार मीटरच्या वर, त्यात एवढी काठी लावली तर पहिल्याच पुलाखाली ती मोडेल. म्हणून सव्वा मीटरची काठी घेतात आणि उरलेल्या लांबीची भरपाई तारेच्या वेटोळ्याने करतात. चालतं, पण अशी आखूड काठी खालच्या धातूवर जास्तच अवलंबून राहते आणि जोडणीतली छोटी चूकही तिला सोसत नाही.

आता अडचण बघा. नव्या ट्रकांमध्ये आरशाचे हात, बॉनेट, छतावरचे वारा कापणारे भाग प्लॅस्टिकचे किंवा फायबरग्लासचे असतात. अँटेनाचा कंस अशा भागावर कितीही घट्ट आवळला तरी दुसरा हात जागेवर नाहीच. जुन्या ट्रकवर उत्तम चाललेला अँटेना नव्यावर मुका होतो तो यामुळे.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. काठी स्टँडवरून काढा, केबल सेटच्या मागून काढा. स्टँडच्या धातूपासून ट्रकच्या चासीपर्यंत रीडिंग जवळजवळ शून्य ओहम यायला हवं. आलं नाही तर कंसापासून चासीपर्यंत विणलेली रुंद तांब्याची पट्टी टाका, शक्य तितकी आखूड. साधी बारीक वायर टाकली तर मीटर खुशाल बीप देईल, पण रेडिओ फसणार नाही: एवढ्या वारंवारतेला लांब बारीक वायर हा मोठा अडथळा असतो. मीटरची बीप ही किमान पात्रता आहे, उत्तीर्ण झाल्याचा दाखला नव्हे.

मग केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी यांत मीटर लावा. काठी काढलेली असताना दोघांचा संबंध येता कामा नये. बीप आली तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि तो कुठे असेल यावर मी पैज लावायला तयार आहे: स्टँडच्या भोकात बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या वॉशरपाशी. काठीचा बोल्ट कंसाच्या धातूला लागू नये म्हणून तिथे कॉलर असलेला एक छोटा वॉशर असतो. तो उलटा बसला, चिरडला किंवा पाकिटातच राहून गेला की मधली तार थेट चासीला जोडली जाते. दोन रुपयांचा तुकडा अख्खी जोडणी झोपवतो. (काठी लावलेली असताना ही चाचणी करू नका. काही अँटेना मुळातच आतून जोडलेले असतात. तेही बीप देतात आणि माणूस उगाच घाबरतो.)

वॉशर ठीक असेल तर प्लग पाहा. सोल्डर करताना जाळीचा एखादा केस मधल्या पिनला टेकलेला असतो. त्यानंतर केबल दारातून आत येते ती जागा. दार रोज शंभर वेळा आपटतं आणि केबल त्याच जागी चेपत जाते.

एसडब्ल्यूआर: मीटर काय सांगतं, काय सांगत नाही

या एका आकड्याभोवती फार गूढ माजवलं गेलंय. गोष्ट साधी आहे. सेटने केबलमधून पाठवलेली ऊर्जा अँटेनाने पूर्ण घेतली तर काहीच परत येत नाही; जुळणी बिघडली की काही भाग परत येतो. त्याचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे काहीच परत नाही. १.५ ला सुमारे ४ टक्के परत, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. दोनच्या आत असेल तर बिनघोर वापरा. तीनच्या वर असेल तर बोलणं थांबवा आणि दोष शोधा.

मीटर सेट आणि अँटेनाच्या केबलमध्ये जोडतात. ट्रक मोकळ्या जागेत उभा करा, दारं लावा, भिंतीजवळ किंवा दुसऱ्या ट्रेलरला खेटून मोजू नका. चॅनल १ वर मोजा, मग ४० वर. चॅनल ४० वर आकडा जास्त आला तर काठी लांब आहे, ती कमी करा. १ वर जास्त आला तर आखूड आहे, वाढवा. बहुतेक काठ्यांच्या टोकाला यासाठी स्क्रू असतो. दोन्ही आरशांवर दोन काठ्या असतील तर दोन्हींचे स्क्रू सारखेच फिरवायचे. आणि सगळ्याच चॅनलांवर आकडा तीनच्या वर असेल तर काठीची लांबी छेडत बसू नका. तो दोष लांबीचा नसतो, शॉर्टचा किंवा अर्थचा असतो. मागच्या भागात परत जा.

‘एसडब्ल्यूआर १.१ आहे, तरी कुणाला ऐकू जात नाही’ ही तक्रारही खरी असू शकते. हा आकडा ऊर्जा परत आली नाही एवढंच सांगतो. ती हवेत गेली की वाटेत उष्णता झाली, हे नाही सांगत. तपासणीसाठी अँटेनाऐवजी वापरतात तो ५० ओहमचा (सेटला हवा तेवढाच अडथळा असलेला) बंद डबा सेटला लावला तर एसडब्ल्यूआर अगदी १ येतो आणि हवेत काहीही जात नाही. पाणी शिरलेली केबलही असाच गोड आकडा दाखवते. उलट १.८ वरून १.३ वर आणण्यासाठी दिवसभर खपणारे लोकही असतात. समोर ऐकणाऱ्याला त्यातला फरक कळणार नाही.

ट्रक थांब्यांवर आणखी एक समजूत ऐकायला मिळते, की केबल १८ फुटांचीच हवी. अँटेना ५० ओहमला जुळलेला आणि अर्थ नीट असेल तर केबलच्या लांबीने फारसा फरक पडत नाही. केबल लहान-मोठी केल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर केबलची जाळीच अँटेनाचं काम करू लागली आहे, म्हणजे दुसरा हात गायब आहे. लांबी बदलून तो आकडा सुधारता येईल, दोष मात्र जागेवरच राहील.

इंजिन चालू झालं की घरघर

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शीळ येत असेल तर ती अल्टरनेटरची. डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे पेट्रोल गाड्यांची ती टकटक इथे नसते. पण एलईडी दिवे, डॅशकॅम, फोनचे चार्जर, पंख्याची मोटर ही मंडळी कसर भरून काढतात.

आधी आवाज कुठून शिरतोय ते ठरवा. इंजिन चालू ठेवून सेटच्या मागची अँटेनाची केबल काढा (आणि बोलायचं बटण दाबू नका). आवाज गेला तर तो अँटेनातून येत होता. राहिला तर विजेच्या वायरीतून. विजेतून येत असेल तर वायर थेट बॅटरीवर न्या किंवा फिल्टर लावा. अँटेनातून येत असेल तर एकेक उपकरण बंद करत जा. बऱ्याचदा सॉकेटमध्ये खुपसलेला स्वस्त यूएसबी चार्जर दोषी ठरतो, तो उपटला की शांतता. चार्जर ठेवणं भागच असेल तर त्याच्या वायरीवर ही घरघर अडवणारं फेराइटचं कडं बसवा.

सगळं बरोबर, तरी आवाज लांब जात नाही

मग अपेक्षा तपासा. सपाट प्रदेशात ट्रक ते ट्रक पाच ते आठ किलोमीटर हे सीबीचं प्रामाणिक अंतर आहे. डोंगरात, शहरात त्याहून कमी.

अधूनमधून उलटंच घडतं: हजार-दीड हजार किलोमीटरवरचे आवाज धडाधड येऊ लागतात आणि शेजारचा ऐकू येत नाही. सेट बिघडलेला नसतो. सूर्यावरचे डाग वाढले की पृथ्वीभोवतीचा आयनांबराचा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली वळवतो. हे चक्र सुमारे ११ वर्षांचं असतं आणि सध्याच्या चक्राने कमाल टप्पा गाठल्याचं नासा आणि नोआ या अमेरिकी सरकारी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. अशा दिवशी दुपारी चॅनल १९ वर नुसता कल्लोळ असतो. त्यावर इलाज नाही.

‘मग वॅट वाढवू की!’ एफसीसीची मर्यादा साध्या एएम प्रकारात ४ वॅट आहे आणि सीबीला अँप्लिफायर जोडणं तिथे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. ताकद चौपट केली, तर समोरच्याच्या सिग्नल मीटरवर काटा साधारण एकच घर पुढे सरकतो. बिघडलेला अर्थ त्याहून कितीतरी जास्त खाऊन बसलेला असतो. आणि आपलं बोलणं थोडं लांब गेलं तरी दुसऱ्याचं आपल्यापर्यंत तेवढंच येणार.

हाच सेट भारतात आणून लावला तर?

दोन अडथळे आहेत. पहिला विजेचा. अमेरिकी ट्रक १२ व्होल्टवर चालतात, आपल्याकडचे मोठे ट्रक २४ व्होल्टवर. थेट जोडला तर सेट जळेल. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती वायरमन सुचवतात; त्याने एक बॅटरी सतत जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही अकाली मरतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टरच वापरायला हवा, आणि तो स्वतःच रेडिओत घरघर आणणार नाही असा पाहून घ्यायला हवा. पिकअप, जीप यांना हा प्रश्न येत नाही.

दुसरा अडथळा कायद्याचा. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत परवान्यातून सूट आहे. अमेरिकी सेटचे पहिले २७ चॅनल त्यात बसतात. २८ वा २७.२८५ वर, म्हणजे बाहेर. चाळीसही चॅनल चालतील अशा समजुतीत राहू नये. सूट असली तरी उपकरणाला दूरसंचार विभागाची उपकरण-मान्यता लागतेच. वॉकीटॉकींच्या बाबतीत हाच घोळ इतका वाढला, की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली: सेट कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि परवाना लागतो की नाही, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगायचं. ऑनलाइन मिळाला म्हणजे वापरायला मोकळा, असं नाही.

शेवटी सेटची पाळी

वीज, अर्थ, वॉशर, केबल, काठी, सगळं तपासून झालं आणि तरी आवाज जात नाही. आता सेटवर संशय घ्या, पण तोही अदलाबदल करून. ओळखीच्या चालकाचा चालू सेट तुमच्या ट्रकला जोडा. तो बोलला तर तुमची जोडणी बरी आहे, दोष तुमच्या सेटमध्ये. तोही मुका राहिला तर सेट परत करून उपयोग नाही. दोष सेटमध्येच निघाला तर परत देण्याआधी त्याचा माइक एकदा दुसऱ्याच्या सेटवर लावून पाहा, फक्त दोन्ही सेट एकाच पिनरचनेचे असू द्या. माइकची वायर प्लगपाशी आणि हातापाशी आतून तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही. आणि सेट वॉरंटीत पाठवायचाच असेल तर माइकही त्याच खोक्यात घाला, नाहीतर सेट ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत येईल.